दीड भाकरी

आमच्या माण तालुक्यात ढगसुद्धा पथ्यावर असतात. याच सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला, महाबळेश्वरात, ते दोनशे इंचांच्या वर पाऊस ओततात आणि पूर्वेला सरकत सरकत दहिवडी-म्हसवडपर्यंत येतात तेव्हा त्यांच्या अंगात काही उरलेलं नसतं. आमच्या वाट्याला वर्षाकाठी अठरा-वीस इंच, तेही त्यांची मर्जी असली तर. त्यामुळे आमच्याकडे जे जे म्हणून आहे ते सडपातळ. माणगंगा सडपातळ, वर्षातले कितीतरी दिवस ती नुसती वाळू नेसून असते. खिलार बैल सडपातळ, मेंढरं सडपातळ आणि मेंढरांमागून चालणारा माणूस तर असा, की त्यातली काठी कुठली आणि तो कुठला हे लांबून कळू नये. अशा मुलखात जन्मून ज्याचं पोट सुटलं, त्याने निसर्गाशी चार हात केले असंच म्हटलं पाहिजे.

मी ते केले. साताऱ्यातल्या एका कचेरीत चौतीस वर्षं एकाच खुर्चीत बसून केले. निवृत्त झालो तेव्हा खुर्ची झिजली होती आणि मी भरला होतो. उंची पाच फूट पाच इंच, वजन ८४ किलो. डॉक्टर म्हणाले, साखर सीमारेषेवर आहे. सीमेवर काही हालचाल दिसली की घरातल्या फौजा जाग्या होतात. सूनबाईने मला एका आहारतज्ज्ञ बाईंपुढे नेऊन उभं केलं. बाईंनी माझी सगळी मापं घेतली, यंत्रावर बोटं चालवली आणि निकाल सांगितला, "काका, दिवसाला सोळाशे कॅलरी. आठवड्याला अर्धा किलो उतरेल. त्याहून घाई करायची नाही."

दुसऱ्या दिवशी फ्रिजवर तक्ता लागला. सूनबाई म्हणाली, "मामा, चष्मा लावून वाचा हं." सकाळी सहाला कोमट पाणी आणि अजिंक्यताऱ्याची चढण. उतरून आल्यावर मुगाचं धिरडं आणि दूध. अकराला ताक. एक वाजता भाकरी दीड, उसळ दोन वाट्या, पालेभाजी आणि हवी तेवढी काकडी. चारला मूठभर फुटाणे. रात्री साडेसातच्या आत एक भाकरी, आमटी, वाटीभर दही. आठवड्यातून तीन दिवस दोन्ही हातांत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घेऊन त्या वर-खाली करणे. (चौतीस वर्षं फायली वर-खाली केल्या त्या बाईंनी जमेस धरल्या नाहीत.)

तक्त्यामागचा विचार बाईंनी समजावून दिला आणि तो मला पटला. खाणं तोडलं की शरीर साठवण मोडायला काढतं. पण ते मोठं लबाड आहे. चरबीबरोबर ते मांसही मोडतं, कारण वापरात नसलेलं मांस पोसणं त्याला परवडत नाही. त्याला सांगावं लागतं की बाबा, हे लागतंय. ते सांगायचं म्हणजे व्यायाम. आणि नुसतं सांगून भागत नाही, दुरुस्तीला माल पुरवावा लागतो; म्हणून प्रत्येक जेवणात थोडी उसळ, थोडं दूध, दही, डाळ. एका बैठकीत सगळं खाऊन दिवसभर उपाशी राहण्यापेक्षा हे बरं. दोन महिन्यांत मी ८४ वरून ८० वर आलो आणि अजिंक्यताऱ्याच्या निम्म्या चढावर थांबून "काय देखावा आहे!" म्हणणं बंद केलं. पूर्वी मला तो देखावा फार आवडायचा.

मौज पुढेच आहे. तक्त्यातली भाकरी कसली? तर बाजरीची. उसळ? शक्यतो हुलग्याची. शंभर ग्रॅम हुलग्यात वीस-बावीस ग्रॅम प्रथिनं, असं बाईंनी मला नवलाने सांगितलं. माणदेशी माणसाला हुलगा! आमच्या लहानपणी तो बैलांना भरडून घालत आणि बैलांचं उरलं की आम्हाला माडगं मिळे. बाजरी, हुलगा, मटकी, ताक हे जेवण चुकवावं म्हणून तर आमच्या पिढीने मॅट्रिक केलं, साताऱ्या-पुण्याची वाट धरली, गव्हाच्या पोळीवर तूप ओतून घेतलं. २०२३ साल तर संयुक्त राष्ट्रांनी भरड धान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं आणि दुकानात हुलगा चकचकीत पिशवीत येऊन बसला. ज्या घरातून पळालो, त्याच घराचं भाडं भरून पुन्हा राहायला गेल्यासारखं वाटलं मला.

गावाकडे मात्र हा प्रकार समजावून देणं अवघड. आमच्या जिल्ह्यात व्यायाम करतात तो वजन वाढवायला. पोरगं तालमीत घातलं की घरातली म्हैस त्याच्या नावावर होते. दूध, बदाम, तूप, अंडी यांचा खुराक सुरू होतो. व्यायाम करून माणूस बारीक झाला तर लोक हळहळतात. 'घरचं बरं चाललेलं दिसत नाही' म्हणतात. आणि त्यात चूक काही नाही. आमच्याच तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी धावली आणि दहावी आली. तिच्याही अंगावर फाजील मांस नव्हतं. पण तसं धावणारं शरीर उपाशी राहून घडत नाही. अंगावरची हाडं दिसतात म्हणून माणूस चपळ आहे की भुकेला आहे, हे नुसतं बघून सांगता येत नाही. ते सांगायला त्याच्या घरातलं टोपलं बघावं लागतं.

एवढ्यावर थांबलो असतो तर मी सुखाने बारीक झालो असतो. पण निवृत्त माणसाला वाचनाचं व्यसन असतं. आमच्या भागातल्या जुन्या दुष्काळांविषयी वाचत बसलो होतो, तिथे मला माझा तक्ता भेटला. दीडशे वर्षांपूर्वीचा.

१८७६-७७ चा तो मोठा दुष्काळ. माणगंगेवरच्या राजेवाडीच्या तलावाचं काम त्याच वेळी दुष्काळी काम म्हणून निघालं. हिंदुस्थान सरकारने सर रिचर्ड टेंपल यांना दुष्काळी मुलखाच्या पाहणीवर धाडलं. हा गृहस्थ मुळात वाईट नव्हता. १८७४ साली बिहारच्या दुष्काळात याने ब्रह्मदेशातून तांदूळ आणून माणसं जगवली होती आणि खर्च फार केला म्हणून वरिष्ठांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. त्या शिव्या त्याच्या चांगल्याच अंगी लागल्या. १८७७ मध्ये त्याने माणसांऐवजी तिजोरीची प्रकृती सांभाळायचं ठरवलं. दुष्काळी कामावरच्या माणसाला दिवसाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर किरकोळ चिल्लर, एवढी मजुरी पुरे असा त्याने हिशेब काढला. पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम. मी कागद घेतला, पेन्सिल घेतली. बाजरी-ज्वारीच्या किलोला साधारण साडेतीन हजार कॅलरी. म्हणजे पौंडाला किती?

सोळाशेच्या आसपास.

मी पुन्हा गुणाकार केला. कचेरीची सवय. आकडा तोच. ठरलेलं खाणं आणि नेमाचा व्यायाम! फरक इतकाच, की त्यांचा व्यायाम म्हणजे उन्हात दिवसभर खडी फोडणं आणि माती वाहणं. तसल्या कामाला याच्या दुपटीहून अधिक अन्न लागतं हे आज शाळेतलं पोर सांगेल. ते त्या वेळीही कळत होतं. मद्रासेतले सरकारी डॉक्टर कॉर्निश यांनी या पौंडाला कडाडून विरोध केला. आणि आमच्या मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी चक्क काम सोडलं. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. उपाशी माणसांनी 'या मजुरीवर खडी फोडणार नाही' म्हणून उठावं, याला केवढी छाती लागली असेल!

तेव्हापासून मला एक प्रश्न छळतो आहे. सोळाशे हा आकडा माझ्या फ्रिजवर संयम ठरतो आणि टेंपलसाहेबांच्या वहीत पाप ठरतो. मग चांगलं-वाईट राहतं कुठे? आकड्यात तर नाही. माझा संयम म्हणावा तर त्यात माझं कर्तृत्व किती? शेजारी भरलेला फ्रिज आहे, खिशात पेन्शन आहे. अकरा वाजता पोटात कालवलं की मी घड्याळाकडे बघतो. कामावरचा माणूस क्षितिजाकडे बघत असेल. उपास आणि उपासमार यांत अक्षरं फार वेगळी नाहीत. वेगळं एवढंच, की उपास सोडता येतो.

हे सगळं डोक्यात घेऊन मी म्हसवडच्या सिद्धनाथाच्या रथाला गेलो आणि जवळच्या वाडीवर आत्याकडे जेवायला थांबलो. आत्या चौऱ्याऐंशीची. बाहत्तरच्या दुष्काळात ती तिशीत होती आणि रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. एकटी नव्हे; १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर अशा कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसं होती. मी तेव्हा शाळकरी. अमेरिकेहून आलेल्या लाल मिलोची भाकरी मला आठवते. ती चावताना घरात कोणी बोलत नसे. आत्याने माझ्याकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावला.

"आरं, आजारी हाईस का काय?"

"नाही गं आत्या. वजन कमी करतोय. एक बाई आहेत, त्यांच्याकडून पैसे देऊन कागद लिहून घेतलाय."

"कमी खा म्हणून सांगाया पैसं घेत्यात?" आत्याने कपाळावर हात मारला. "आमास्नी बाहत्तर साली सरकारानं फुकट सांगितलं हुतं!"

मी विचारलं, "तेव्हा कसं भागवायचीस?"

"मोजून," ती म्हणाली. "मालकास्नी तीन, थोरल्याला दोन, धाकल्याला दोन, सासूबाईंला दीड. कामावरची सुकडी पदरात बांधून आणायची, ती पोरांची."

"आणि तुला?"

"टोपल्यात हात घालून बघायचं. लागली हाताला तर जेवायचं. न्हाईतर हाय की माडगं. भुकेला कोंडा आन् निजेला धोंडा."

हे तिने दुःखाने सांगितलं नाही की अभिमानानेही नाही. जसा मी कचेरीतला जमाखर्च सांगेन तसं सांगितलं. आणि मला दिसलं, की मोजून खाण्याचे प्रकार दोन नाहीत, तीन आहेत. मी मोजतो ते माझ्यासाठी. साहेबाने मोजलं ते दुसऱ्याच्या ताटातलं, आपलं ताट भरलेलं ठेवून. आणि आत्याने मोजलं तेही दुसऱ्यांच्याच ताटातलं; पण कापायची ती आपल्या ताटातून. तराजू तोच. तो हातात धरणारा पहिल्यांदा कोणाचं पारडं हलकं करतो, त्यावर सगळं आहे. अर्थात आत्याचा हिशेब कितीही थोर असला तरी घरोघरच्या बायांनी पिढ्यान् पिढ्या शेवटी जेवावं, हे काही थोर नव्हे. त्याला आपण त्याग म्हणतो, कारण मग टोपल्यात डोकावून बघावं लागत नाही.

जेवताना आत्याने दोन भाकरी वाढल्या. मी दीड खाल्ली आणि हात आखडला. घरात वाटलं असतं, अर्धी उरली. इथे ती अर्धी भाकरी ताटात पडून माझ्याकडे बघत होती. नको म्हणणं हा अपमान, खाणं हा तक्त्याचा भंग. नीतिशास्त्राच्या एवढ्या अडचणीत मी कधी सापडलो नव्हतो. आत्यानेच सोडवणूक केली. तिने ती अर्धी उचलली, तिच्यावर मिरचीचा ठेचा ठेवला आणि माझ्यासमोर बसून खाऊ लागली.

"आर्धी टोपल्यात परत ठिवू ने," ती म्हणाली. "बरं दिसत न्हाई."

मी सोडलेली भाकरी अशी दर वेळी कोणाच्या तोंडी लागत नाही, हे मला कळतं. साताऱ्यात मी अर्धी भाकरी कमी खाल्ली म्हणून माणमधल्या कोणाचं पोट अर्ध्या भाकरीने भरत नाही; माझा फक्त पट्टा एक भोक आत जातो. तेव्हा बारीक होण्यात पुण्य आहे असं कोणी सांगू लागला तर विश्वास ठेवू नका. त्यात प्रकृतीला बरं आहे, गुडघ्यांना बरं आहे, सुनेला बरं आहे, इतकंच. ते करावं, नेमाने करावं आणि त्याबद्दल फार बोलू नये. लग्नात शेजारच्या पाटावरच्या माणसाला "किती तेलकट खाता हो!" म्हणू नये, त्या घरी गोडाचं किती दिवसांनी झालं आहे, आपल्याला काय माहीत?

तक्ता अजून फ्रिजवर आहे. परवा चढावर एका नवख्या सोबत्याने विचारलं, "काका, यात अवघड काय असतं हो?" मी म्हटलं, सकाळी अकराची भूक. पहिल्या आठवड्यात ती वाघासारखी येते, महिन्याने मांजरासारखी. पण ती आली की तिला हाकलू नये, दोन मिनिटं बसवून घ्यावं. ती आपल्याकडे पाहुणी म्हणून येते. ज्यांच्याकडे ती घरचीच आहे, त्यांची खबर तिच्याखेरीज आपल्याला देणार कोण? आणि एरवी दुसऱ्याच्या ताटात डोकावणं वाईट खरं. पण किती आहे हे मोजायला नव्हे, आहे ना, एवढं बघायला डोकावावं. मग खुशाल ताक प्यावं.