१५१० चे पाणी

द्वारका म्हटले की मराठी मनात समुद्र उभा राहतो. मी राहतो ती द्वारका दिल्लीच्या नैर्ऋत्य टोकाला आहे, आणि इथल्या किती तरी सकाळी सोसायटीच्या फाटकाशी टँकर येण्याची वाट पाहण्यात गेल्या आहेत. पप्पनकलां म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागात दिल्ली विकास प्राधिकरणाने हे उपनगर आखले आणि सेक्टरांना क्रमांक दिले. बारा क्रमांकाच्या सेक्टरमध्ये, इमारतींच्या गर्दीत, एक बावली आहे. सोळाव्या शतकाच्या आरंभी, लोदी सुलतानांच्या काळात, लोहारहेडी गावासाठी ती बांधली गेली. आपण जिला बारव म्हणतो, तीच ही. तिच्याकडे पाहताना त्या काळातले एक साल मी मनाशी धरले: १५१०.

पण लोहारहेडीत हे साल १५१० नव्हतेच. तिथे विक्रम संवत १५६७ चालू होते, लोदी दरबारात हिजरी ९१६, आणि आपल्याकडे शके १४३२. १५१० हा आकडा रोमच्या पंचांगातला. ज्याच्या पंचांगाने वर्ष मोजावे, त्याचेच पराक्रम नकळत मधोमध येऊन बसतात आणि बाकीचे जग कडेला सरकते. म्हणून या सालात दोन्हीकडून उतरून पाहायला हवे.

रोममध्ये त्या वर्षी मायकेलअँजेलोने सिस्टिन चॅपलच्या छताचा पहिला अर्धा भाग पुरा केला आणि पोप दुसरा ज्युलियस लढाईवर निघून गेल्याने पुढचे काम थांबले. जवळच्याच दालनांत राफाएल ग्रीक तत्त्वज्ञांना भिंतीवर उभे करत होता. त्याच सुमारास लिओनार्दो मृतदेहांचे विच्छेदन करून स्नायू आणि हाडे कागदावर उतरवत होता. या सगळ्यामागची ऊर्मी कळायला चार वर्षे मागे जावे लागते. १५०६ मध्ये रोमच्या एका द्राक्षमळ्यात लाओकोऊनचे प्राचीन शिल्प जमिनीतून वर आले आणि ते पाहायला मायकेलअँजेलो स्वतः गेला. युरोपच्या प्रबोधनाचे सार मला या प्रसंगात दिसते. पुरलेले वर काढायचे, आणि नुसते पुजायचे नाही, तर त्याला विचारायचे: हे तुला कसे जमले?

असे विचारणारे लोक फक्त इटलीत नव्हते. सिकंदर लोदीने काही वर्षांपूर्वीच आपला दरबार दिल्लीहून आग्र्याला हलवला होता. हा सुलतान गुलरुखी या नावाने फारसीत कविताही करत असे. त्याचा वजीर मियाँ भुवा याने सुश्रुत, चरक आदींच्या संस्कृत वैद्यकग्रंथांतून एक मोठा फारसी ग्रंथ सिद्ध केला. साल १५१२. इटलीतले पंडित ग्रीक ग्रंथांशी जे करत होते, तेच हा वजीर संस्कृत ग्रंथांशी करत होता. फरक होता तो छापखान्याचा. १५१३ मध्ये व्हेनिसच्या आल्दुस मानुतियुसने प्लेटोचे समग्र ग्रीक ग्रंथ छापून काढले. मियाँ भुवाच्या ग्रंथाला नकलनविसाच्या बोरूचाच आधार होता. बुद्धी दोन्हीकडे होती. ती पसरवण्याचे साधन एकीकडे होते.

याच सालाचा दुसरा चेहरा मराठी माणसाच्या अधिक जवळचा आहे. वर्षाच्या सुरुवातीला अफोंसो द अल्बुकर्कने गोवे घेतले, मे महिन्यात विजापूरच्या फौजेने ते परत मिळवले. मग पावसाळा लागला. खवळलेल्या समुद्रामुळे पोर्तुगीज गलबते मांडवीच्या मुखातून बाहेर पडू शकेनात आणि ऑगस्टपर्यंत माणसे उपाशी अडकून पडली. २५ नोव्हेंबरला अल्बुकर्कने गोवे पुन्हा जिंकले आणि शहरातल्या मुसलमानांची कत्तल केली. सहा हजार मारले, असे त्याने स्वतःच आपल्या राजाला कळवले. त्याच वर्षाच्या आरंभी स्पेनच्या फर्डिनंडने हिस्पॅनिओलाच्या खाणींत राबायला आफ्रिकी गुलाम पाठवण्याचे हुकूम काढले होते. सिस्टिनचे छत आणि गोव्याची कत्तल एकाच सालातली. छताच्या तेजात कत्तल झाकू नये, आणि कत्तलीच्या रागात छताकडे पाठही फिरवू नये. दोन्ही एकदम डोळ्यांसमोर ठेवणे जड जाते, पण इतिहास वाचायचा तर ते करायला हवे.

डिसेंबरात मर्वजवळ इराणच्या शाह इस्माईलने, समरकंद ज्याच्या ताब्यात होते त्या शैबानी खानाला ठार केले. त्यामुळे काबूलमधल्या बाबराला समरकंदची वाट मोकळी झाली. समरकंद त्याने मिळवले आणि पुन्हा गमावले, मग तो हिंदुस्थानकडे वळला. १५२६ मध्ये पानिपतावर लोदी संपले. लोहारहेडीत पाणी भरणाऱ्या बाईला मर्व कुठे आहे हे माहीत असण्याचे कारण नव्हते, तरी तिच्या राज्याचा शेवट तिथून सुरू झाला होता.

या साऱ्या बातम्या झाल्या. बातम्यांच्या खाली दर सालात एक संथ थर असतो, रीतीचा. द्वारकेला लागूनच पालम आहे. तिथल्या बावलीचा संस्कृत शिलालेख १२७६ सालचा. उड्ढर नावाच्या गृहस्थाने ती बांधवली आणि लेखात सुलतान बल्बनाची स्तुती केली. म्हणजे पालमपासून लोहारहेडीपर्यंत दोन शतकांहून अधिक काळ गेला, घराणी बदलली, पण पायऱ्यांची विहीर खोदण्याची रीत टिकली. सालावळीत ती सापडत नाही, कारण ती कोणा एका वर्षी घडली नाही.

लाओकोऊनला विचारला तो प्रश्न मी या बावलीला विचारून पाहिला. उत्तर पायऱ्यांतच आहे. पावसाळ्यानंतर पाणी वर चढते आणि खालच्या पायऱ्या बुडतात. उन्हाळ्यात एकेक पायरी उघडी पडते. पाणी किती उरले, हे घागर घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला आपल्या पायांनी कळते. बोअरवेलने हेच ज्ञान काढून घेतले. बटण दाबले की पाणी येते, आणि पातळी किती खाली गेली हे नळ कोरडा पडेपर्यंत कळत नाही. बावली साफ करून जपली तर तो जीर्णोद्धार झाला, आणि तोही व्हायलाच हवा. पुनरुज्जीवन मात्र तिच्यातली युक्ती आपल्या कामी लावण्यात आहे.

म्हणून आमच्या सोसायटीच्या पुढच्या बैठकीत मी एवढेच मागणार आहे: बोअरवेलमधल्या पाण्याची पातळी दर महिन्याला मोजावी आणि फाटकावरच्या फळ्यावर लिहावी. आज किती पायऱ्या उतराव्या लागणार, हे शके १४३२ मध्ये लोहारहेडीच्या बायकांना रोज ठाऊक असायचे. आपल्याला ते महिन्यातून एकदा तरी ठाऊक असावे.