दूरचे गाणे आणि दारातले गाणे

माणसाने कोणते गाणे आपले म्हणावे? जन्माने मिळालेले, की कानाने निवडलेले? हा प्रश्न वरवर पाहता केवळ रसिकतेचा वाटतो. आम्हीही पुष्कळ वर्षे तो तसाच समजत होतो. सेवानिवृत्तीनंतर मात्र तो नीतीचाही प्रश्न आहे, असे आमच्या ध्यानात आले. ज्या वाटेने हे ध्यानात आले ती वाट अटलांटिक महासागराच्या पलीकडून निघाली आणि देवासच्या आमच्या जुन्या वाड्याच्या ओसरीवर येऊन थांबली. ती हकीकत सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

आमचे घराणे पवारांच्या मागोमाग माळव्यात आले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्यप्रदेश राज्य अस्तित्वात आले, तेव्हा ग्वाल्हेर, इंदूर, देवास, धार, नागपूर अशा ठिकठिकाणांहून मराठी नोकरदार कुटुंबे भोपाळात आली आणि तात्या टोपे नगरच्या सरकारी घरांत स्थिरावली. आमचे वडील त्यांतलेच. आमचे बालपण भोपाळात आणि उन्हाळ्याच्या सुट्ट्या आजोबांकडे देवासला गेल्या. घरात गाणे भरपूर होते. नाट्यगीते होती, अभंग होते, गणेशोत्सवातल्या मैफली होत्या. पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहूनही आपण आपले गाणे टिकवले, याचा घरातल्या सर्वांना अभिमान होता. तो अभिमान वावगा नव्हता. अपुरा होता, हे कळायला आम्हांला साठी उलटावी लागली.

२००३ साली कॅनडातील हॅलिफॅक्स येथे शिकत असलेला आमचा पुतण्या सुटीवर आला, तेव्हा त्याने दोन ध्वनिमुद्रिका आणल्या. एक 'द चीफ्टन्स' या आयरिश वाद्यवृंदाची, दुसरी केप ब्रेटन बेटावरच्या व्हायोलिनवादकांची. पॅडी मोलोनी यांनी १९६२ मध्ये डब्लिन येथे स्थापन केलेल्या चीफ्टन्समध्ये एक विलक्षण वाद्य होते. त्याचा भाता तोंडाने फुंकत नाहीत, कोपराखाली दाबून चालवतात. एका नळीतून चाल वाजते आणि दुसऱ्या नळ्यांतून स्वर अखंड घुमत राहतो. तो घुमणारा स्वर ऐकताच आम्हांला तंबोऱ्याची आठवण झाली आणि परकेपणा तिथेच गळून पडला. चाल लहानशी असते. ती पुन्हा पुन्हा येते आणि दर वेळी वादक तिला एखादी नवी हरकत, एखादा खटका बहाल करतो. एक चाल संपते न संपते तोच तिच्या पोटातून दुसरी निघते. ज्यांचे कान बंदिशीवर पोसले आहेत त्यांना याची गोडी लागायला वेळ लागत नाही.

मग आम्हांला त्याचा नादच लागला. प्लँक्स्टी, बॉथी बँड, क्लॅनड अशी नावे आमच्या तोंडी सहज येऊ लागली. दर सुटीत पुतण्याकडे मागणीची यादी जाई. 'केल्टिक' हे नाव मुळात भाषाकुळाचे आहे. आयरिश, स्कॉटिश गेलिक, वेल्श, ब्रेटन या भाषा त्या कुळातल्या. संगीताला ते नाव मुख्यतः विसाव्या शतकात चिकटले. निरनिराळ्या किनाऱ्यांवरच्या, एकमेकांची बोली न कळणाऱ्या माणसांनी एका नावाखाली एकत्र येण्याची ही धडपड आम्हा बृहन्महाराष्ट्रीयांना ओळखीची वाटावी, यात नवल नाही.

त्यातही केप ब्रेटनने आम्हांला विशेष ओढून घेतले. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातली गेलिक भाषक कुटुंबे तिकडे जाऊ लागली. पुढे जमीनदारांनी मेंढ्यांच्या चराईसाठी कुळांना जमिनीवरून हुसकावले, तशी ही रीघ वाढली. त्यांनी व्हायोलिनची आपली जुनी ढब नव्या बेटावर जपली. ती इतकी जपली, की पुढे खुद्द स्कॉटलंडचे वादक ती शिकायला तिकडे येऊ लागले. १९७० च्या दशकाच्या आरंभी, ही कला आता लोपत चालली आहे, असा सूर एका दूरचित्रवाणी माहितीपटाने लावला. बेटावरची माणसे दुखावली आणि कामाला लागली. १९७३ मध्ये ग्लेनडेल या गावी मोठा मेळावा भरवून त्यांनी उत्तर दिले. तिथले विख्यात वादक बडी मॅकमास्टर हयातभर रेल्वेत नोकरी करीत आणि रात्री गावोगावच्या नृत्यांना वाजवीत, हे वाचून आम्हा नोकरदार माणसाला तर ते घरचेच वाटले.

ऑक्टोबर २०२३ मध्ये पुतण्याच्या आग्रहाने आम्ही उभयता तिकडे गेलो. तिथे दर ऑक्टोबरात, पाने तांबडी होण्याच्या दिवसांत, 'केल्टिक कलर्स' हा महोत्सव असतो. १९९७ पासून तो भरतो. मोठे कार्यक्रम ऐकले, पण मन रमले ते एका गावच्या लहानशा सभागृहातल्या बैठकीत. या बैठकीला ते लोक जो शब्द वापरतात त्याचा उच्चार 'केली' असा आहे. आपल्या क्रीडावाचक केलीशी त्याचे नाते नसेल, पण भाव फार वेगळा नाही. चहा होता, घरी केलेले पाव होते, एक पियानो होता, दोन व्हायोलिने होती. शेजारी बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी आमची चौकशी केली. वीस वर्षे आम्ही हे संगीत ऐकत आहोत हे कळल्यावर त्यांना कौतुक वाटले. मग त्यांनी विचारले, तुमच्याकडे काय गातात? आम्ही रागसंगीताविषयी, नाट्यसंगीताविषयी उत्साहाने बोलू लागलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि पुन्हा विचारले, ते तुमच्या घरातले झाले. तुम्ही राहता त्या मुलखातली माणसे काय गातात?

आम्ही निरुत्तर झालो. माळव्यात आमच्या घराण्याची कित्येक पिढ्यांची वस्ती. आमची स्वतःची तिसांहून अधिक वर्षांची नोकरी याच राज्याच्या सेवेत झालेली. आणि माळव्यातले एकही गाणे आम्हांला धड म्हणून दाखवता येत नव्हते.

त्या रात्री झोप लागेना. डोळ्यांपुढे देवासचा वाडा आला. सुट्टीत सकाळी कधी कधी दारात एक भजनी येई. एका हाती तंबुरा, दुसऱ्या हाती करताल. पायरीखाली उभा राहून तो कबीराची भजने म्हणे. आजी पसाभर ज्वारी वरून त्याच्या झोळीत टाकी. त्याने पाणी मागितले तर तेही वरूनच, ओंजळीत. ओसरीवर बस, असे त्याला कोणी कधी म्हटले नाही. तो कोणत्या समाजाचा हे सर्वांना ठाऊक होते आणि त्यापुढे त्याच्याविषयी काही ठाऊक करून घेण्याची गरज कोणाला वाटली नव्हती. आमची आजी प्रेमळ बाई होती. म्हणूनच हे लिहिताना हात जड होतो.

आणि त्याच देवासात, त्याच काळात, टेकडीच्या पायथ्याशी पंडित कुमार गंधर्व राहत होते. बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावीचे हे कन्नडभाषक गायक १९४८ मध्ये क्षयाच्या आजारामुळे हवापालटासाठी देवासला आले. गाणे बंद झाले होते. त्या सक्तीच्या विश्रांतीत त्यांनी काय केले? ऐकले. बाहेरून जाणाऱ्या स्त्रियांची गीते, नाथपंथी जोग्यांची निर्गुणी भजने त्यांनी कान देऊन ऐकली, लोकगीते जमवली, त्यांतून पुढे 'मालवा की लोकधुनें' हा कार्यक्रम उभा केला. निर्गुणी भजनांना त्यांच्या गळ्यातून जे रूप मिळाले ते सर्वश्रुत आहे. आमच्या घरची मंडळी ती भजने ऐकायला पहिल्या रांगेत बसत. आम्हीही बसलो आहोत. दारातला सूर पसाभर ज्वारीच्या लायकीचा आणि तोच मंचावर आला की डोळ्यांत पाणी. यातली विसंगती पन्नास वर्षे आम्हांला दिसली नाही.

येथे एखादा सुज्ञ वाचक म्हणेल, की कलेला जात नसते, देश नसतो. श्रोत्याचे कर्तव्य एकच, मन लावून ऐकावे. बाकीचा हिशेब समाजसुधारकांनी पाहावा. हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. त्याच्याच आधारावर आम्ही वीस वर्षे आयरिश गाणे ऐकले. पण विचार करता असे दिसते, की दूरचे गाणे आपल्याला प्रिय होते त्याचे एक कारण त्याच्या सौंदर्यात असते आणि दुसरे आपल्या सोयीत. गेलिक शब्द आम्हांला कळत नव्हते. न कळणाऱ्या भाषेतले गाणे फक्त सुख देते. ते आपली कानउघाडणी करू शकत नाही. कबीराचा शब्द न् शब्द मात्र आम्हांला कळत होता. सोवळ्या-ओवळ्यावर, कुळाच्या गर्वावर त्याने ओढलेले आसूड नेमके आमच्याच ओसरीवर पडत होते. म्हणून आम्ही त्यातली चाल घेतली आणि शब्द पायरीखाली ठेवले.

मग दूरच्या गाण्याचा मोह सोडावा काय? तसेही आम्हांला वाटत नाही. ते ऐकले नसते तर तो प्रश्न आम्हांला कोणी विचारलाच नसता. आणि खरे पाहता दूरचे गाणेही निर्दोष सुख नव्हते. परत आल्यावर आम्ही गेलिक गीतांचे अर्थ मिळवून वाचले. त्यांत हुसकावलेल्या घरांची, ओस पडलेल्या खोऱ्यांची दुःखे होती. शाळेत गेलिक बोलल्याबद्दल तिथल्या मुलांना शिक्षा होत. वीस वर्षे आम्ही ठेका धरला होता, पण हे लोक त्या बेटावर का आले, हे मनापासून विचारले नव्हते. श्रोता म्हणून आमची चूक दोन्हीकडे एकच होती.

ऐकण्याचे ऋण फेडता येते, याची उदाहरणे आपल्याच राज्यात आहेत. बाबा अलाउद्दीन खाँ बंगालचे. मैहरच्या दरबारी आले आणि साथीच्या रोगात पोरक्या झालेल्या मुलांना त्यांनी हाताशी धरले. देशी-विदेशी वाद्ये, इतकेच काय, बंदुकांच्या नळ्यांपासून केलेले नलतरंग देऊन त्यांनी त्या मुलांचा मैहर बँड उभा केला. नव्या मुलखाकडून केवळ मान घ्यायचा नसतो, तिथल्या सर्वांत निराधार माणसाला आपल्या शेजारी बसवायचे असते, हे ते बोलले नाहीत, त्यांनी करून दाखवले.

आमची ऐपत तेवढी नाही. भोपाळात लोकगायक ऐकण्याची सोय पुष्कळ आहे. १९८२ पासून भारत भवन आहे, प्रजासत्ताकदिनाच्या सुमारास लोकरंग भरतो. पण ती पुन्हा मंचाचीच ओळख. म्हणून आम्ही माळव्यातल्या खेड्यांत जाऊ लागलो. तिथे कबीर गाणाऱ्या मंडळ्या गावोगाव आहेत. पाच तारांचा तंबुरा, करताल, मंजिरे, ढोलक, कुठे व्हायोलिनही. होय, तेच व्हायोलिन. रात्र रात्र गाणे चालते आणि मधूनमधून अर्थाची चर्चा होते. गायकांत दलित समाजांतले, विशेषतः बलाई समाजाचे लोक पुष्कळ आहेत. उज्जैन जिल्ह्यातील लूनियाखेडीचे प्रह्लादसिंह टिपानिया हे पेशाने शिक्षक, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली आणि ही गायकी जगभर गेली. देवासला १९९१ पासून काही वर्षे 'एकलव्य' संस्थेने अशा मंडळ्यांचा कबीर मंच चालवला होता. हे सारे आम्ही नोकरीत असताना, आमच्या कार्यालयापासून काही तासांच्या अंतरावर घडत होते.

देवासजवळच्या एका गावी आम्ही वारंवार जातो. तिथला मुख्य गायक आमच्याच वयाचा. त्याचे वडील शहरात वाड्यांवरून भजने म्हणत फिरत, असे एकदा बोलण्यात आले. आमच्या घरी येणारा भजनी तोच होता काय, हे आता कळणे शक्य नाही. पण त्या रात्री आम्ही ओसरीची, पसाभर ज्वारीची, वरून ओतलेल्या पाण्याची गोष्ट त्याला सांगितली. क्षमा मागावी असे मनात होते. शब्द जुळेनात. त्याने सारे ऐकून घेतले, "हां, ऐसा ही था" एवढेच म्हणाला आणि तंबुऱ्याची खुंटी पिळू लागला. मग त्याच्या सुनेने सर्वांबरोबर आमच्यापुढेही पाण्याचा लोटा ठेवला. सौ.नी तो आधी उचलला.

क्षमा मिळाली असे आम्ही समजत नाही. ती मागण्याचा आमचा अधिकारही आता शंकास्पद आहे. ज्याच्याकडे मागायची तो माणूस पन्नास-साठ वर्षांपूर्वी पायरीवरून निघून गेला. आरंभीच्या प्रश्नाचे एवढेच उत्तर आम्हांला सुचते: गाणे जन्माने आपले होत नाही आणि आवडले म्हणूनही होत नाही. ते आपल्याला जे विचारते ते ऐकून घेण्याची तयारी झाली, की आपण त्याचे होऊ लागतो. ही तयारी आमच्या बाबतीत उशिरा झाली. आपल्या मंडळींत ज्यांची मुले-नातवंडे अजून लहान आहेत त्यांना इतका उशीर व्हायचे कारण नाही. घरी अभंग जरूर शिकवावा, नाट्यपद शिकवावे, हवे तर आयर्लंडचा पावाही ऐकवावा. पण भोवतालची माणसे काय गातात, हे मुलाला विचारले तर त्याला उत्तर देता आले पाहिजे.

आता आम्ही महिन्यातून एकदा त्या गावी जातो आणि करताल धरतो. ताल अजून चुकतो. मंडळी हसतात आणि सांभाळून घेतात. गायकाला आम्ही कितीदा सांगितले, की आम्हांला नावाने हाक मारा. तो मान डोलावतो, आणि पुढचे भजन सुरू करण्यापूर्वी विचारतो, "साहब, शुरू करें?"