पडत्या दगडाचा हिशेब

शाळेत ऊर्जा अक्षय्यतेचा नियम शिकवताना फळ्यावर ठरलेली आकृती निघते. वर एक वस्तू, खाली जमीन, मध्ये दोन-तीन बिंदू. वर सगळी ऊर्जा स्थितिज, जमिनीला टेकताना सगळी गतिज, आणि मधल्या प्रत्येक बिंदूवर दोहोंची बेरीज एमजीएच, म्हणजे वस्तुमान गुणिले गुरुत्व त्वरण गुणिले उंची. पुढे केव्हातरी दुसऱ्या धड्यात कळतं की गुरुत्व त्वरण स्थिर नसतं, उंचीबरोबर ते घटतं. या दोन धड्यांची गाठ सहसा कुणी घालून देत नाही. त्वरणच बदलत असेल तर बेरीज कायम कशी राहते, असं एखाद्या मुलीने विचारलं तर तिला गप्प बसवू नये. तिचा प्रश्न विज्ञानाच्या इतिहासातल्या फार मोठ्या प्रश्नांपैकी एक आहे.

गॅलिलिओच्या १६३८ च्या ग्रंथात पडणाऱ्या वस्तूचं त्वरण स्थिरच धरलेलं आहे. तरीही त्यातला लंबकाचा प्रयोग पुढच्या सगळ्या विचाराचं बीज आहे असं मी मानतो. भिंतीत खिळा, खिळ्याला दोरा, दोऱ्याला शिशाची गोळी. गोळी एका बाजूला ओढून सोडली की दुसऱ्या बाजूला जवळजवळ तेवढीच उंच चढते. आता दोऱ्याच्या वाटेत, पहिल्या खिळ्याच्या सरळ खाली, दुसरा खिळा ठोकायचा. दोरा त्याला अडतो, गोळीचा कंस आखूड होतो, वाट पार बदलते. पण गोळी पोचते ती त्याच आडव्या रेघेपर्यंत. तळाशी मिळालेला वेग किती उतरलात यावर ठरतो. कोणत्या वाटेने उतरलात याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

लायब्निट्झने १६८६ मध्ये यातून माप काढलं. गतीचं बळ किती, तर ती वस्तूला किती उंच चढवू शकते तितकं. वेग दुप्पट केला की उंची चौपट होते, म्हणून बळ वेगाच्या वर्गाने मोजायचं. इथे एक गृहीत चुपचाप बसलेलं आहे: पायथ्याची एक फूट चढण आणि शिखराजवळची एक फूट चढण सारखीच महाग.

लगेच पुढच्या वर्षी, १६८७ मध्ये, न्यूटनने ते गृहीत काढून टाकलं. ‘प्रिन्सिपिया’च्या पहिल्या भागातलं एकोणचाळिसावं विधान वाचताना आजही थक्क व्हायला होतं. बल अंतराप्रमाणे कोणत्याही नियमाने बदलू दे, तो म्हणतो. पडण्याची वाट ही एक रेघ. तिच्यावरच्या प्रत्येक बिंदूपाशी तिथल्या बलाएवढा लंब उभा करा. लंबांची टोकं जोडणारी वक्ररेषा आणि वाट यांच्यामधलं क्षेत्रफळ म्हणजेच वेगाच्या वर्गाचं माप. बल स्थिर असेल तर ही आकृती साधा आयत होते, आणि तोच आपला एमजीएच. चाळिसाव्या विधानात तो दाखवतो की वाट वाकडी असली तरी केंद्रापासून तेवढ्याच अंतरावर वेग तेवढाच. म्हणजे बदलत्या गुरुत्वाचं उत्तर आधीच मिळालं होतं. ऊर्जेची कल्पना पक्की व्हायला पुढे दीडशेहून अधिक वर्षं लागली. आपण मुलांना आयत शिकवतो आणि ज्या आकृतीचा तो एक तुकडा आहे ती दाखवतच नाही, याची मला खंत वाटते.

एक उदाहरण आकड्यांत पाहू. पृथ्वीच्या त्रिज्येइतक्या, म्हणजे ६,३७१ किलोमीटर उंचीवरून दगड सोडला. हवा नाही असं धरू. जमिनीवर त्वरण ९.८, वर त्याच्या चौथाई, २.४५. एमजीएच वापरला तर जमिनीवर आदळतानाचा वेग सेकंदाला ११.२ किलोमीटर येतो. पण हा तर मुक्तिवेग, अनंत अंतरावरून पडणाऱ्या दगडाचा वेग! खरा वेग सेकंदाला ७.९ किलोमीटर. दोन त्वरणांची साधी सरासरी घेतली तरी उत्तर चुकतं. घ्यावा लागतो त्यांचा भूमितीमध्य, ४.९, तो वस्तुमानाने आणि उंचीने गुणला की ऊर्जा तंतोतंत मिळते. व्यस्त वर्गाच्या नियमातून हे दोन ओळींत सिद्ध होतं. एक किलोमीटर उंचीला मात्र एमजीएचची चूक सहा-साडेसहा हजारांत एक भाग इतकीच, म्हणून शाळेत ती कुणाला टोचत नाही.

उंचीबरोबर गुरुत्व घटतं हे बुगेरने अठराव्या शतकात दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात लंबकाने मोजलं. नुसत्या अंतराच्या हिशेबाने जितकी घट यायला हवी त्याहून ती कमी आली, कारण पायाखालचा डोंगरही लंबकाला ओढत होता. तरीही बेरजेला धक्का लागत नाही, कारण डोंगर जागचा हलत नाही.

इथेच त्या मुलीचं उत्तर आहे. बेरीज टिकायला बल सगळीकडे सारखं असायची गरज नाही. एकाच जागी ते नेहमी सारखं असावं आणि वाटेने फरक पडू नये, एवढं पुरतं. हेल्महोल्ट्झने १८४७ मध्ये केंद्राकडे ओढणाऱ्या, फक्त अंतरावर ठरणाऱ्या बलांसाठी हे स्पष्ट मांडलं. उलट गुरुत्व वेळेनुसार बदलत असतं, सकाळी हलकं आणि दुपारी जड, तर सकाळी दगड वर न्यायचा, दुपारी सोडायचा आणि रोज फुकटची ऊर्जा काढायची. वेळ आणि ऊर्जा यांचं हे नातं एमी नोएदर यांनी १९१८ मध्ये गणिताने पक्कं केलं.

असा नफा खरोखर मिळतोही. गुरू ग्रह सूर्याभोवती फिरतो, त्यामुळे अवकाशातल्या एखाद्या ठरावीक जागी त्याची ओढ दर क्षणी बदलत असते. १९७९ मध्ये व्हॉयेजर २ हे अवकाशयान त्याच्या जवळून गेलं. गुरूच्या जागेवरून पाहिलं तर ते जितक्या वेगाने आलं तितक्याच वेगाने दूर गेलं. सूर्याच्या जागेवरून पाहिलं तर त्याचा वेग वाढला होता, आणि ती ऊर्जा गुरूच्या गतीतून वजा झाली होती.