पट्टीमागचं धुकं

गुलमंडीजवळच्या खोलीत मी कीर्तनांचे व्हिडिओ एडिट करतो. पैठणच्या नाथषष्ठीचं फुटेज आलं. फाल्गुन वद्य षष्ठी, शके १५२१ मधल्या एकनाथांच्या समाधीची तिथी. बुवांचे शब्द सरकत्या पट्टीत हवे होते, पण मागच्या झगमग दिव्यांत अक्षरं वाचवेनात. उपाय सोपा: क्लिपची नक्कल वरच्या थरावर, तिला गॉसियन ब्लर, आणि पट्टीच्याच मापाचा, पट्टीबरोबर हलणारा मॅट. तेवढाच चौकोन धूसर होतो.

त्या चौकोनात टाळ धरलेली एक म्हातारी होती. शब्द कळावा म्हणून तिला पुसायचं?

वेदान्ती म्हणतील, ही मायेचीच दोन कामं, आवरण आणि विक्षेप: आधी झाकायचं, मग त्यावर भलतंच नाचवायचं. मला पुरतं पटत नाही. माया आपण झाकलंय हे कळू देत नाही. ब्लर तर उघड दिसतो, आणि खालची क्लिप शाबूत असते. म्हातारीचं काय, हा प्रश्न तरीही उरतोच. नाथांनी रामेश्वराला निघालेली गंगेची कावड तहानेल्या गाढवाच्या तोंडी लावली, असं सांगतात. त्यांच्याच उत्सवात शब्दासाठी माणूस धूसर करायला हात धजेना.

पट्टी वर पताकांवर नेली. आता बुवांची तक्रार आहे, ती फेट्याला लागते म्हणून.