बेळगावातले कॅथोलिक

इसवी सन ३५०च्या आसपास जेरुसलेमच्या सिरिल यांनी बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्यांना एक व्यवहारी सल्ला दिला होता. परगावी गेलात तर नुसतं ‘प्रभूचं घर कुठे आहे’ असं विचारू नका, कारण वेगळी मतं सांगणारे पंथही आपल्या जागेला तेच नाव देतात. ‘कॅथोलिक मंडळी कुठे जमते’ असं विचारा, म्हणजे योग्य दाराशी पोचाल.

आज हा प्रश्न बेळगावच्या कॅम्पात, म्हणजे छावणी भागात विचारला, तर माणूस सरळ फातिमा कॅथेड्रलचा रस्ता सांगेल. त्याच कॅम्पात इंग्रजी फौजेसाठी उभारलेलं, अँग्लिकन परंपरेचं सेंट मेरीज चर्च आहे. शहरात मेथडिस्टांची मंडळी आहे. तिची मुळं लंडन मिशनरी सोसायटीने १८२०मध्ये इथे सुरू केलेल्या कामात आहेत आणि ते काम १९०४मध्ये अमेरिकन मेथडिस्टांकडे आलं. या दोन्हींना गावात कुणी कॅथोलिक म्हणत नाही. पण उपासनेत मतांगीकार म्हणताना हे लोकही ‘कॅथोलिक’ मंडळीवर विश्वास असल्याचं सांगतात. मराठी प्रॉटेस्टंट त्या जागी ‘सार्वत्रिक’ म्हणतात, आणि कन्नड प्रॉटेस्टंटही तोच शब्द वापरतात. बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणीहून चाळीसेक किलोमीटरवरच्या कोल्हापुरात रॉयल वाइल्डर यांनी १८५२मध्ये सुरू केलेलं मिशन पुढे प्रेस्बिटेरियनांकडे गेलं, तिथल्या मंडळ्यांचंही तसंच. रोमच्या पोपला न मानणारा माणूस दर रविवारी कॅथोलिकपणाची कबुली देतो, आणि त्यात त्याला काही विसंगत वाटत नाही. त्याचं बरोबरच आहे.

मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘समग्राला धरून असलेलं’ असा. अंत्युखियाचे बिशप इग्नेशियस यांनी इ. स. ११०च्या सुमारास स्मिर्नाच्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पत्रात तो ख्रिस्तसभेला पहिल्यांदा लावलेला सापडतो. ३८१च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेशी जोडलेल्या मतांगीकारात तो ख्रिस्तसभेच्या चार लक्षणांपैकी एक झाला. सिरिल यांनी त्याची फोड फार नेमकी केली आहे. ही सभा जगभर पसरली आहे एवढ्यानेच ती कॅथोलिक ठरत नाही. ती शिकवण अर्धवट देत नाही, राज्यकर्ता आणि रयत, शिकलेला आणि अडाणी अशा सगळ्यांना एकत्र आणते, सगळ्या तऱ्हेच्या पापांवर उपचार करते, म्हणूनही ती कॅथोलिक. म्हणजे नकाशावरचा पसारा हे एक माप झालं. आत कोणाकोणाला जागा आहे, हे दुसरं. दुसरं माप जास्त कडक आहे.

रोजच्या बोलण्यात मात्र या समग्रवाचक शब्दाने एका गटाचं नाव धारण केलं आहे. लग्नाच्या जाहिरातीत ‘आर.सी. मुलगी’, म्हणजे रोमन कॅथोलिक, म्हटलं की कुटुंबाची पार्श्वभूमी, चालीरीती, पुष्कळदा घरातली भाषासुद्धा समजते. वसईतली बसीन कॅथोलिक बँक १९१८ची. तिच्या पाटीवरचा शब्द ती कोणत्या समाजाने उभी केली ते सांगतो, खातेदार कोणत्याही धर्माचे असू शकतात. बेळगावात तहसील कचेरीत गेलं तर ओळखीची आणखी एक चौकट भेटते. कर्नाटकाच्या मागासवर्गीयांच्या यादीत ख्रिश्चन ‘३-ब’ गटात येतात, आणि त्याच गटात वीरशैव लिंगायत, मराठा आणि दिगंबर जैनही आहेत. दाखल्यासाठी ही सगळी माणसं एकाच खिडकीसमोर उभी राहतात. तिथे कॅथोलिक की मेथडिस्ट हा प्रश्न गौण असतो.

या शब्दाची खरी कसोटी बेळगावसारख्या सीमाभागात लागते, ती भाषेवर.

१९५३पर्यंत बेळगावकडच्या कॅथोलिकांचा मोठा भाग गोव्याच्या आर्चबिशपांच्या अखत्यारीत होता. देश स्वतंत्र झालेला आणि आपला धर्माध्यक्ष पोर्तुगीज अंमलाखालच्या गोव्यात, अशी ती स्थिती. १९ सप्टेंबर १९५३ रोजी बेळगावचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि मायकेल रॉड्रिग्ज पहिले बिशप झाले. पुढे तीनच वर्षांत, १ नोव्हेंबर १९५६ला, राज्यांची नवी रेघ आखली गेली. त्या रेघेचं दुखणं इथल्या मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७मध्ये निपाणी, खानापूर, नंदगडसह २६४ गावं महाराष्ट्राला देण्याची शिफारस केली आणि बेळगाव शहर कर्नाटकात ठेवलं. महाराष्ट्राने ते मान्य केलं नाही, आणि २००४पासूनचा दावा सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. धर्मप्रांताची हद्द मात्र या रेघेवर थांबली नाही. कर्नाटकातल्या जिल्ह्यांबरोबर कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा, चंदगडच्या बाजूचा भागही बेळगावच्याच बिशपांकडे आहे. चंदगडकडच्या कॅथोलिक माणसाचा जिल्हाधिकारी कोल्हापुरात बसतो आणि बिशप बेळगावात, आणि त्यासाठी कुणाला मोर्चा काढावा लागत नाही.

पण हद्द ओलांडणं सोपं, जीभ ओलांडणं अवघड. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३मध्ये उपासनेत लोकभाषांना दार उघडलं, तोवर इथल्या उपासनेत लॅटिन होतं. लॅटिन इथे कुणाचीच मातृभाषा नव्हती, त्यामुळे कुणावर अन्यायही नव्हता. लोकभाषा आली आणि प्रश्न उभा राहिला, लोक कोणते? गोव्याकडून आलेल्या घरांत कोकणी, पूर्वेकडच्या खेड्यांत कन्नड, पश्चिमेला मराठी, आणि शाळांतून इंग्रजी शिकून निघालेली नवी पिढी. १८५६पासून चालत आलेलं सेंट पॉल्स त्या शाळांतलं जुनं नाव. आज या धर्मप्रांतात मिस्साबलिदान, म्हणजे कॅथोलिकांची मुख्य उपासना, या चारही भाषांत होतं. एकच ख्रिस्तसभा मराठीत ‘ख्रिस्तसभा’, कोकणीत ‘पवित्र सभा’ आणि कन्नडमध्ये ‘धर्मसभे’ होते, आणि त्याच मतांगीकारात ती तिन्ही भाषांत कॅथोलिकच राहते.

ज्या शहरात दुकानाच्या पाटीवरून काचा फुटतात, तिथे ही गोष्ट लहान नाही. कुठल्या भाषेला सकाळची सोयीची वेळ मिळते आणि सणाच्या दिवशी गायनवृंद कोणत्या भाषेत गातो, हे इथे धर्मशास्त्राचेच प्रश्न आहेत. बंगळूरच्या महाधर्मप्रांतात उपासनेच्या भाषेवरून कित्येक वर्षं कटुता राहिली, हे कर्नाटकातल्या कॅथोलिकांना चांगलं ठाऊक आहे. प्रत्येकाला आपल्या भाषेची वेगळी उपासना देऊन मोकळं होणं ही फक्त सुरुवात झाली. कन्नड गाणाऱ्याने मराठी ‘आमेन’ची वाट पाहावी आणि कोकणी आजीने कन्नड प्रवचन बसून ऐकावं, तेव्हा सिरिलच्या दुसऱ्या मापाला काही अर्थ येतो.

रस्त्यावर मात्र हे एकत्र येणं कुणी न शिकवता होतं. ३१ डिसेंबरच्या आधी कॅम्पात ‘ओल्ड मॅन’ विकायला बसतात. कोट, पँट आणि टोपी चढवलेला, आत कागद आणि गवत भरलेला हा पुतळा म्हणजे सरतं वर्ष. मध्यरात्री बाराला तो गल्लीच्या चौकात पेटवायचा. ही चाल कॅम्पातल्या ख्रिस्ती वस्तीतून आली, पण आता ती बेळगावची झाली आहे. ओल्ड मॅनसाठी वर्गणी काढणाऱ्या पोरांत ख्रिस्ती पोरं किती, हे मोजायला कुणी जात नाही.

याच जिल्ह्यात देशनूर नावाचं गाव आहे. तिथे जेझुइट धर्मगुरूंनी काही दशकांपूर्वी लिंगायत मठाच्या धर्तीवर आपलं केंद्र उभारलं आणि त्याला ‘विरक्त मठ’ असंच नाव घेतलं. तिथले धर्मगुरू भगवी वस्त्रं नेसतात, जमिनीवर बसून उपासना करतात आणि स्वामी म्हणवतात. २०१९च्या ऑगस्टमध्ये बेळगावचे बिशप डेरेक फर्नांडिस तिथे भगव्या वेषात उपासनेला बसले. ती छायाचित्रं समाजमाध्यमांवर फिरली आणि गदारोळ झाला. काही कॅथोलिकांना बिशप श्रद्धा सोडून निघाल्यासारखे वाटले, आणि दुसऱ्या बाजूला काहींना ही धर्मांतराची युक्ती वाटली.

दोन्ही आक्षेप मनापासूनचे आहेत, म्हणून ते झटकून टाकता येत नाहीत. पण वेदीपाशी धर्मगुरू जो झगा घालतो, तो मुळात रोमन साम्राज्यातल्या माणसाचा बाहेर पडतानाचा साधा अंगरखा होता. रोमचं रोजचं कापड पवित्र होऊ शकतं, तर देशनूरकडच्या विरक्ताचं का नाही? हा वाद नवाही नाही. जेझुइट धर्मगुरू रॉबर्टो दी नोबिली १६०६मध्ये मदुराईत आले आणि संन्याशासारखे राहू लागले, तेव्हा त्यांच्याच सहकाऱ्यांनी तक्रारी केल्या. १६२३मध्ये पोप पंधरावे ग्रेगरी यांनी त्यांची पद्धत चालवून घेतली. फादर थॉमस स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण १६१६मध्ये छापलं गेलं, तेही ओवीबद्ध मराठीत. ख्रिस्ती माणसाने पुराण लिहिलं म्हणून त्याची श्रद्धा पातळ झाली, असं मराठी वाचकाला आज वाटत नाही.

तरीही वस्त्र बदलणं हा सोपा भाग आहे. दी नोबिलींनी ब्राह्मणांसाठी एक प्रकारचे आणि इतरांसाठी दुसऱ्या प्रकारचे धर्मगुरू अशी व्यवस्था चालू दिली, आणि जातीची भिंत चर्चच्या आत शिरली. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने दलित ख्रिश्चनांना अनुसूचित जातींच्या यादीबाहेर ठेवलं आहे. कर्नाटकात अनुसूचित जातींतून आलेले ख्रिश्चन ‘३-ब’ऐवजी प्रवर्ग-१मध्ये मोडतात. सरकारी कागदावर जातीचा हा फरक नोंदवलेला आहे. चर्चने तो उघडपणे मान्य करायला बराच काळ घेतला. डिसेंबर २०१६मध्ये भारतातल्या कॅथोलिक बिशपांच्या परिषदेने दलित सबलीकरणाचं धोरण जाहीर केलं आणि आपल्यात अस्पृश्यता अजून पाळली जाते अशी कबुली दिली. हे धोरण खरं की नाही, ते दफनभूमीत कोणाला कुठे जागा मिळते आणि मिस्साबलिदानात वाचन करायला कोण उभं राहतं, यावरून कळेल. देशनूरच्या भगव्या शालीवर जेवढी चर्चा झाली, तेवढी या दोन गोष्टींवर प्रत्येक धर्मग्रामात व्हायला हवी, आणि ती कोकणी, कन्नड, मराठी तिन्ही भाषांत व्हायला हवी.