चौकटीच्या पायाशी

मागीलदारी या. दाराच्या डाव्या बाहीसमोर बसा.

पाट घ्या, नाहीतर एखादं पोतं घडी घालून घ्या. इथे वेळ लागणार आहे.

पाऊस केव्हाच सरलाय. ऑक्टोबरचं ऊन पडवीत तिरकं येतंय आणि कोबा हळूहळू तापतोय. लांब कुठेतरी कुणी गवत कापतंय.

अजून काही करायचं नाही. चौकटीच्या खालच्या वीतभर भागाकडे नुसतं बघायचं.

हिरवा ऑइलपेंट आहे. वर गुळगुळीत, खाली येता येता फुगीर. कोब्याला टेकतो तिथे त्याला एक बारीक सुरकुती पडली आहे.

त्या सुरकुतीपाशी थांबा.

श्वास आत घ्या. सावकाश सोडा. थोडं खाली वाका आणि पुन्हा घ्या. येतो का वास? कुबट, ओलसर, बंद कपाटातला.

घाई नको. वास ओळखीचा व्हायला जरा वेळ लागतो.

आता बोट वाकवा आणि पेराने बाहीवर टकटक करा. आधी वर, कडीच्या उंचीला. आवाज ऐका. कोरडा, भरीव, लगेच परत येणारा.

एक वीत खाली या. पुन्हा टकटक.

अजून एक वीत खाली.

ऐका.

कुठेतरी आवाज बसतो. भरीवपणा जातो, बद्द वाजतं. त्या जागी बोट तसंच ठेवा. चांगलं लाकूड इथे संपलं. डोळ्यांना ते दिसलं नव्हतं, रंगाने झाकलं होतं. पेराला कळलं.

पेन्सिलीने तिथे एक आडवी रेघ मारा. रेघ सरळ यायला हवी असं काही नाही.

आता मनाने पावसाळ्यात जा. याच जागी, जुलैत.

कौलांवरून पागोळ्या गळताहेत. एकेक थेंब पडवीच्या कडेला आपटतो, फुटतो आणि त्याचे शिंतोडे इथवर येतात. रत्नागिरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक या चार महिन्यांतच.

शेजारची चिऱ्याची भिंत बघा. चिरा सच्छिद्र दगड. तो पाणी पितो आणि धरून ठेवतो. चौकट त्याला खेटून उभी आहे.

आणि आता बाहीचा तळ. तो दिसत नाही, त्यामुळे तिथे रंगाचा ब्रश कधी पोचलेला नाही. पण झाड उभं असताना ज्या नळ्यांतून पाणी वर चढत होतं, त्यांची तोंडं याच तळाशी उघडी आहेत. लाकूड आडवं कापलं की ती उघडी पडतात. झाड तोडून कित्येक वर्षं झाली तरी नळ्या पाणी ओढायचं सोडत नाहीत.

ते पाणी चढताना बघा. आवाज नाही. घाई नाही. कोब्यावरून तळात, तळातून वर, रंगाच्या आतल्या अंगाने. बाहेरचा रंग ते बाहेर पडू देत नाही.

इथे थोडं थांबा.

बुरशीचे बीजाणू हवेत नेहमीच असतात. तुम्ही आत्ता घेतलेल्या श्वासातही होते. त्यांना लाकूड लागतं, हवा लागते, ऊब लागते आणि पाणी लागतं. कोकणात पहिल्या तिन्हींची कधीच कमतरता नाही. आपल्या हातात असतं फक्त पाणी. कोरड्या लाकडाच्या वजनाच्या वीस टक्क्यांच्या आत ओल राहिली, तर कूज धरत नाही. चौकट साठ वर्षं उभी राहते, शंभर वर्षं उभी राहते.

त्याच्या वर ओल गेली आणि जाऊन टिकली, की बुरशी कामाला लागते.

आता टोचा हातात घ्या. नसला तर जुना पेचकस चालेल.

रेघेच्या वर टोचा. टोक जेमतेम घुसतं, हाताला झटका बसतो.

रेघेच्या खाली टोचा.

जातो आत. काही जोर लागला नाही. मनगटाला हे चमत्कारिक वाटतं. विरोध येईल असं त्याने धरलं होतं.

टोचा हळूच बाहेर काढा. टोकाला लागलेला भुगा बोटांत चोळा. तपकिरीसारखा आहे, रंगही तोच. लाकडातला तंतूंना बळ देणारा भाग बुरशीने खाल्ला आणि हे उरलं.

आता फुगलेला रंग खरवडा. खाली लाकडाला उभ्या चिरा आहेत आणि आडव्याही. त्यांच्यामधून चौकोनी तुकडे निघतात. एक तुकडा तळहातावर घ्या. बघा किती हलका आहे.

हे वाळवीचं काम नाही. वाळवी मातीची नळी करून येते आणि आत मातीच भरून ठेवते. इथे माती नाही. वाळवी असती तर आधी तिचा बंदोबस्त, बाकीचं सगळं नंतर.

पटाशी घ्या. हातोडी लागणार नाही, हाताचा जोर पुरे.

कुजकं लाकूड काढत चला. सावकाश. ते तुकड्या-तुकड्याने सुटतं, कोब्यावर पडतं, पडताना आवाज करत नाही.

काढत राहा.

इथे मन म्हणतं, पुरे झालं, एवढं ठीक आहे, वरून लांबी भरली की कोणाला दिसणार? मनाला बोलू द्या. हात चालू ठेवा. भरायचा इपॉक्सीचा लगदा कितीही टणक होऊ दे, तो धरतो त्या लाकडाइतकाच घट्ट असतो. कुजक्या भुग्यावर भरलेला लगदा पुढच्या पावसाळ्यात सबंध खपलीसकट हातात येतो. रंगारी घाईत असला की हेच करून जातो. दिवाळीपुरतं छान दिसतं.

मग पटाशीचा आवाज बदलतो.

ऐका. आतापर्यंत खसखस होती. आता एक बारीक ‘किर्र’ येतं आणि पात्याखालून पातळ, लांब, गुंडाळलेली सालपट निघते.

थांबा. पोचलात.

ती सालपट नाकाशी न्या. सागाचा वास येईल, किंचित चामड्याचा, किंचित तेलाचा. इतक्या वर्षांनंतरही. गाभ्याच्या लाकडाला हा वास असतो. कूज लागली होती ती बहुधा सालीजवळच्या पांढुरक्या लाकडाला. सागाचासुद्धा तो भाग टिकाऊ नसतोच.

आता पोकळीत बघा. मूठभर जागा मोकळी झालीय. तळाशी जरा काळोख आहे. कडा ओबडधोबड आहेत. तशाच असू द्या, शक्य तर पटाशीने आतून थोड्या रुंद करा. तोंड अरुंद आणि पोट मोठं असलं की भरलेला लगदा सुटून येत नाही.

आतल्या बाजूला बोट टेकवा. गार लागतं का?

लागत असेल तर आज काम इथेच थांबवायचं.

हत्यारं पुसून ठेवा. चहा घ्या. पोकळी उघडी राहू द्या.

दुरुस्तीतला सगळ्यात मोठा भाग हाच आहे. त्यात करायला काही नाही, म्हणून तो कोणी मोजत नाही. ओल्या लाकडाला इपॉक्सी नीट धरत नाही. आणि धरलीच, तर ओल आत कोंडली जाते आणि बुरशी पाठीमागून पुन्हा सुरू होते.

उद्या या. बसा. बोट टेकवा.

परवा या. बोट टेकवा.

ऊन येईल, वारा येईल. ऑक्टोबरची उष्णता एरवी नकोशी वाटते. या कामाला तिच्यासारखी मदत नाही. हेअर ड्रायरने वरचा पापुद्रा सुकतो, आतली ओल तशीच असते. आतली ओल तिच्या चालीने बाहेर येते.

त्या दिवसांत जाता-येता पोकळीकडे नजर जाईल. जाऊ द्या. घरात एक उघडी जागा आहे आणि ती सुकते आहे. तेवढ्याची जाणीव ठेवा.

मग एका सकाळी बोटाला गारवा लागत नाही. लाकडाचा रंग फिकटलेला असतो. पेराने वाजवलंत तर आतूनही कोरडं वाजतं.

आता.

इपॉक्सीचं पाकीट उघडा. आपल्याकडे बहुतेकांच्या तोंडी त्याचं नाव एम-सील असंच असतं; खास लाकडासाठी केलेलीही मिळते. आत दोन कांड्या असतात, एक फिकट, एक गडद. एक राळ आणि एक तिला कडक करणारी. वेगवेगळ्या असतात तोवर दोन्ही नुसत्या चिकट आणि मऊ.

या राळेच्या मागे दातांची गोष्ट आहे. १९३० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये पिएर कास्तान नावाचे रसायनतज्ज्ञ दंतवैद्यकाला उपयोगी पडेल असं द्रव्य शोधत होते. त्यातून ही राळ निघाली. पुढे सीबा कंपनीने १९४६ मध्ये तिच्यापासून केलेला डिंक अराल्डाइट नावाने बाजारात आणला. म्हणजे किडलेलं कोरून भरायचं काम तिच्या जन्मापासूनच तिच्या वाट्याला आलंय.

हातमोजे घाला. कडक करणाऱ्या भागाने काहींच्या कातडीला खाज सुटते, आणि एकदा सुटली की पुढे दर वेळी सुटते.

दोन्हींचे सारखे तुकडे तोडा. पाकिटावर सांगितलंय तेवढेच. लवकर वाळावं म्हणून एक जास्त घालायचं नाही. दोघांचे रेणू एकमेकांना जोडले जातात, आणि जास्तीच्या रेणूंना जोडीदार मिळत नाही. ते आत मऊच राहतात.

मळा.

आधी दोन रंग वेगळे दिसतात. मग एकमेकांत लांबट रेघा होतात. रेघा बारीक होत जातात. घडी घाला, दाबा, पुन्हा घडी घाला.

बघत राहा. एकही रेघ दिसत असेल तर मळायचं थांबवू नका.

मळता मळता बोटांना काहीतरी जाणवेल. किंचित ऊब. तुमच्या हाताची नाही. लगद्याची स्वतःची. दोन्ही द्रव्यं जुळताना उष्णता बाहेर टाकतात.

क्षणभर ती ऊब तळहातात धरा. क्षणभरच, कारण घड्याळ सुरू झालंय. गोळा जेवढा मोठा, तेवढा तो लवकर तापतो आणि लवकर आवळतो.

थोडा लगदा घ्या. पोकळीच्या आतल्या अंगाला अंगठ्याने चोळून दाबा. लाकडाच्या रेषांत शिरू द्या. हवा आत राहू देऊ नका.

मग दुसरा थर. दाबा.

मग तिसरा. कडेपर्यंत, आणि कडेच्या वर थोडासा फुगीर. नंतर घासायचं आहे, त्याला जागा हवी.

पत्रीला पाण्याचं बोट लावा आणि वरून एकदा फिरवा. एकदाच. पुनःपुन्हा गुळगुळीत करायचा मोह होतो, हात आवरा.

आणि पुन्हा थांबणं आलं.

हे थांबणं वेगळं आहे. सुकण्याचं नाही. यातून काही उडून जात नाही, त्यामुळे लगदा फारसा आकसतही नाही. भरला जवळपास तेवढाच राहतो. आतल्या आत जुळवाजुळव चालू असते.

रात्र जाऊ द्या.

सकाळी नखाने दाबून बघा. नख उमटत नाही.

आता पॉलिश पेपर. आधी ऐंशी नंबर, मग एकशेवीस. आणि इथे, एवढ्या एकाच ठिकाणी, खोल श्वास घेऊ नका. नाकातोंडावर मास्क बांधा. ही धूळ छातीत जायला नको.

हात लाकडाच्या रेषांबरोबर खालीवर जातो. जाऊ द्या. लगदा लाकडाहून कठीण असतो, म्हणून लाकूड आधी झिजतं. हलका हात ठेवा.

मधूनच थांबा. डोळे मिटा. तळहात बाहीवरून वरून खाली आणा.

लाकूड. लाकूड. लाकूड.

कुठे बदललं?

कळलं नाही तर घासणं झालं. कळलं तर डोळे उघडा आणि तेवढ्यावरच हात फिरवा.

डोळ्यांना मात्र फरक दिसतोच. राखाडी डाग आहे, तपकिरी लाकडात बसलेला. त्याच्यावर सागाच्या रेषा नाहीत आणि कधी येणारही नाहीत. पावसाळ्यात लाकूड आडव्या अंगाने फुगेल, उन्हाळ्यात आकसेल, हा आपला जागचा हलणार नाही. कधीतरी दोघांच्या मधे केसभर चीर दिसेल. दिसली तर भरून घ्यायची. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही.

आणि हा सगळ्या लाकडाचा उपाय नव्हे. तुळई कुजली, वासा कुजला, भार घेणारं काहीही कुजलं, तर सुतारालाच बोलवायचं. चौकटीचा पायही हातभर गेला असेल तर तो कापून सागाचा तुकडा जोडून घेतलेला बरा. लगद्याचं काम मुठीएवढं.

शेवटी रंग. ऊन इपॉक्सीला सोसत नाही, पृष्ठभाग पिवळट पडतो, खडूसारखा होतो. म्हणून आधी प्रायमरचा एक हात आणि वाळल्यावर ऑइलपेंटचे दोन.

पण त्याआधी, प्रायमर उघडा असतानाच, कोबा आणि बाही यांच्यामधल्या फटीत बारीक ब्रश जेवढा जाईल तेवढा घाला आणि तळाला प्रायमर भरपूर पाजा. पागोळ्यांना पन्हळ नसेल तर येत्या मेपर्यंत लावून घ्या. कूज पाण्याने आली होती, आणि पाण्याची वाट बंद केली नाही तर ती भरलेल्या जागेच्या शेजारून पुन्हा येते.