बिनमोलाचा उतारा

आयर्लंडच्या खेड्यांत अमक्याजवळ ‘उतारा’ आहे असे बोलले जाते. कुणाजवळ मुरगळलेल्या पायाचा, कुणाजवळ नायट्याचा, तर कुणाजवळ भाजल्याचा. पाणसरड्याला ज्याने जिभेने चाटले, त्याने भाजलेली जागा चाटली की आग शमते, असा समज होता. संधिवातासाठी बटाटा खिशात बाळगीत. सातव्या मुलाच्या हाताला गुण असतो, असेही मानीत. १९३७ ते १९३९ या काळात तेथील सुमारे ५,००० शाळांतील जवळजवळ ५०,००० मुलांनी वडीलधाऱ्यांना विचारून असल्या गोष्टी वह्यांत उतरवून घेतल्या.

मला विचारात पाडते ते औषध नव्हे, त्यामागची अट. उतारा देणाऱ्याने पैसा घ्यावयाचा नाही. घेतला तर गुण जातो. काही ठिकाणी तर रोग्याने आभारही मानावयाचे नाहीत. किती थोर रीत ही! दुसऱ्याच्या वेदनेचा बाजार मांडू नये, हे धर्मग्रंथाशिवाय शिकविणारी.

पण याच रीतीला दुसरी बाजू आहे. दाम मोजणाऱ्याला जाब विचारता येतो. फुकट घेणाऱ्याची जीभ भिडेने बांधली जाते. गुण आला नाही तर दोष कुणाला द्यावा? देणारा तर निःस्वार्थी! मग बिचारा रोगी आपल्याच श्रद्धेत खोट काढतो. लोभ गेला म्हणजे जबाबदारीही गेली, असे थोडेच आहे? मुरगळलेल्या पायाच्या बाबतीत हे चालून जाईल. तापाने फणफणलेल्या पोराच्या बाबतीत चालणार नाही.

विचारणे म्हणजे कृतघ्नपणा, असे मात्र समजू नये. फर्मॅना परगण्यात बोहो गावी चर्चच्या आवारातली माती फडक्यात बांधून लोक दुखण्यावर वापरीत. तिच्यात औषधांना न जुमानणाऱ्या काही जंतूंची वाढ रोखणारा सूक्ष्मजीव सापडल्याचे संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केले. हे प्रयोगशाळेतले यश आहे, रोग्यावरचे नव्हे. पण शंका घेतल्याने त्या मातीचा मान उणावला नाही, उलट वाढला.

म्हणून त्या जुन्या अटीला मी आणखी एक जोडीन: पैसा घेऊ नये, आणि प्रश्नाला रागावू नये. पहिलीने मन निर्मळ राहते. दुसरीने रोगी वाचतो.